सारांशात न मावणारं

मी तत्त्वज्ञान शिकवत होतो असं कुणाला कळलं की थोड्या वेळानं एक प्रश्न हमखास येतो. लग्नाच्या पंगतीत येतो, बँकेच्या रांगेत येतो, दवाखान्याच्या बाकावर तर येतोच येतो. "मलाही वाचायचंय हो. सुरुवात कुठून करू?" विचारणारा बहुधा पन्नाशीपुढचा असतो, नाहीतर अठरा-एकोणीस वर्षांचा. मधल्या वयाच्या लोकांना वेळ नसतो. मी एखाद्या जाड पण सोप्या पुस्तकाचं नाव सांगावं, त्यात सगळे तत्त्वज्ञ ओळीनं उभे असावेत आणि ते संपवलं की तत्त्वज्ञान झालं, अशी त्यांची अपेक्षा असते.

असं नाव मी सांगत नाही. उलट विचारतो, "रविवारी सकाळी दोन तास मोकळे आहेत का? आणि मोठ्यानं वाचायची तयारी आहे का?"

तत्त्वज्ञानाचे इतिहास वाईट असतात असं अजिबात नाही. विल ड्युरांटचं 1926 सालचं पुस्तक आणि बर्ट्रांड रसेलचा 1945 सालचा इतिहास आजही चवीनं वाचता येतात. मराठीत ग. ना. जोशी यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास तीन खंडांत लिहून ठेवलाय. पण इतिहास पहिल्यांदाच हातात घेतलेल्या माणसाचं काय होतं ते बघा. थेलीस म्हणतो, सगळं पाण्यापासून झालं. अनॅक्झिमिनीज म्हणतो, हवेपासून. हेराक्लायटस म्हणतो, सगळं सतत बदलतं. पार्मेनिडीज म्हणतो, काहीच बदलत नाही. थोड्याशा पानांत शहाण्या माणसांची इतकी परस्परविरोधी मतं वाचल्यावर वाचक मनात म्हणतो, यांना दुसरा उद्योग नव्हता का? आणि जेवढं त्याच्यासमोर आलंय तेवढ्यापुरतं त्याचं बरोबरच असतं. काहीच बदलत नाही हे वाक्य नुसतं ऐकलं तर वेडगळच वाटतं. 'जे नाही' त्याचा विचारसुद्धा करता येत नाही, मग 'जे नाही' त्यातून 'जे आहे' ते आलं असं म्हणायचं तरी कसं, ही पार्मेनिडीजची अडचण आपल्याला भिडली, तरच त्या वेडगळ वाक्याची भीती वाटायला लागते.

शाळेच्या गणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर उत्तरसूची असायची. तत्त्वज्ञानाचा सारांश म्हणजे ती शेवटची पानं. फरक एवढाच की गणितातली उत्तरं निदान बरोबर तरी असतात.

म्हणून आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर रविवारी जी माणसं जमतात, त्यांच्या हातात मी सुरुवातीलाच प्लेटोचा 'युथिफ्रो' ठेवतो. इंग्रजीवरून मीच केलेला मराठी अनुवाद, वीसेक पानांचा, झेरॉक्स काढून टाचलेला. प्रस्तावना नाही, तळटिपा नाहीत. लागतं तेवढं तोंडी सांगतो. इसवी सनापूर्वी 399 साल. अथेन्स. सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर खटला भरलाय की तो शहराचे देव मानत नाही आणि तरुण पोरांना बिघडवतो. त्या कामासाठी तो कचेरीच्या ओसरीत आलाय. तिथं त्याला युथिफ्रो भेटतो. तोही खटल्यासाठीच आलाय, पण तो फिर्यादी आहे, आणि आरोपी आहे त्याचा सख्खा बाप. पुढचं वाचा.

एक जण सॉक्रेटिस होतो, एक जण युथिफ्रो. पहिल्या काही पानांतच हकिगत कळते. नॅक्सॉस बेटावर यांची शेती होती. तिथल्या एका मजुरानं दारूच्या नशेत घरच्या एका गुलामाचा गळा चिरला. बापानं मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकलं आणि आता काय करायचं हे धर्माधिकाऱ्याला विचारायला अथेन्सला माणूस पाठवला. निरोप येईपर्यंत मजुराकडे कुणी पाहिलं नाही. तो खुनीच, मेला तर मेला. भुकेनं आणि थंडीनं तो मेलाच. घरचे म्हणतात, बापानं काही स्वतःच्या हातानं मारलं नाही, आणि मेलेला तरी कुठे सज्जन होता? मुलगा म्हणतो, मी बापावर खुनाचा खटला भरणार. तेच धर्माला धरून आहे.

इथपर्यंत आलो की वाचन आपोआप थांबतं. एकदा आमच्यातले निवृत्त एसटी कंडक्टर म्हणाले, "सालगड्याला डांबून ठेवला आणि तो मेला, असंच ना? मग बापाचं चुकलंच." किराणा दुकान चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "चुकलं असेल काका. पण म्हणून पोरानं बापाला कोर्टात खेचायचं?" त्यावर सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "मारणारा बाप नसता, परका असता, तर खेचला असता का? मग मेलेल्याच्या दृष्टीनं फरक काय पडला?" हकिगतीच्या आधीच युथिफ्रो सॉक्रेटिसला हेच सांगून गेला होता, मारणारा आपल्याच घरचा असला तरी त्याचा इथे काय संबंध? बाईंच्या ते ध्यानात आलं नव्हतं. मी काही बोललो नाही. मागे जाऊन ते पुन्हा वाचल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते कुठल्याही व्याख्यानानं आणता आलं नसतं. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आपलंच म्हणणं छापलेलं होतं.

मग सॉक्रेटिस कामाला लागतो. बापावर खटला भरण्याइतकी तुझी खात्री आहे, तेव्हा धर्माला धरून असणं म्हणजे काय हे तुला पक्कं माहीत असणार. मलाही शिकव, माझ्या खटल्यात उपयोगी पडेल. युथिफ्रो म्हणतो, मी आत्ता करतोय तेच. सॉक्रेटिस म्हणतो, हे झालं उदाहरण, मी विचारलं ते लक्षण. मग युथिफ्रो सांगतो, देवांना प्रिय असेल ते. पण देवांची आपसात भांडणं आहेत, एकाला जे आवडतं ते दुसऱ्याला आवडत नाही. बरं, मग सगळ्या देवांना प्रिय असेल ते. आणि इथे तो प्रश्न येतो, ज्याच्यासाठी हा संवाद आजवर टिकलाय. एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून ती पवित्र असते, की ती पवित्र असते म्हणून देवांना आवडते?

या प्रश्नाभोवतीचा मजकूर सोपा नाही. वाहणं आणि वाहिलं जाणं, पाहणं आणि पाहिलं जाणं असं काहीतरी व्याकरणासारखं तिथे चालतं आणि सगळेच अडखळतात. समजावून सांगायचा मोह मला तिथे फार होतो. मी तो आवरतो आणि तेवढाच उतारा पुन्हा वाचायला सांगतो. मग आणखी एकदा. पॉलिटेक्निकमधला एक मुलगा तिसऱ्या वाचनानंतर म्हणाला, "सर, म्हणजे बघा, देवानं उद्या खोटं बोलणं चांगलं म्हटलं तर ते चांगलं होईल का? होणार असेल, तर चांगलं म्हणजे नुसता हुकूम. होणार नसेल, तर चांगलं काय ते देवाच्याही आधी ठरलेलंय." पुढे त्यानं आपण काय बोललो ते स्वतःच तपासलं आणि थोडा दचकला. घरी रोज देवपूजा करणारा मुलगा तो.

शेवटाकडे युथिफ्रो धर्माला देवांची सेवा म्हणू लागतो. आपण देवांना यज्ञ द्यायचे, त्यांच्याकडे वर मागायचे. सॉक्रेटिस विचारतो, म्हणजे हा एक प्रकारचा व्यापारच की? "नवस!" ताई एकदम म्हणाल्या आणि सगळे हसले. पण हसण्यानंतर नवसावर जी चर्चा झाली ती गंभीर होती, आणि ती थांबवायला वाचनालय बंद व्हायची वेळ यावी लागली.

युथिफ्रो मात्र कंटाळून, काम आहे म्हणत निघून जातो. उत्तर मिळत नाही. नव्या वाचकांना याचा राग येतो. "उत्तर कुठाय, सर?" हा राग मला मोलाचा वाटतो. ज्याला उत्तर हवंसं झालं, त्याला प्रश्न पोचला. 'युथिफ्रो'चा सारांश कुठल्याही मार्गदर्शकात एका वाक्यात सापडेल: सॉक्रेटिसने पावित्र्याची व्याख्या मागितली, एकही व्याख्या टिकली नाही. वाक्य अचूक आहे. पण माडीवर त्या सकाळी जे घडलं, त्यातलं त्या वाक्यात काहीच नाही.

मूळ ग्रंथ नवख्यांना झेपत नाहीत, आधी कुणीतरी सोपं करून सांगावं, मग मुळाकडे जावं, असं सगळेच गृहीत धरतात. माझा अनुभव पुष्कळदा उलटा आहे. मूळ लेखकाला वाचकाला पटवायचं असतं. म्हणून तो दमानं घेतो, शंका स्वतःच काढतो, उदाहरण देतो. सारांश लिहिणाऱ्यावर पटवण्याची जबाबदारीच नसते. त्याला फक्त नोंद करायची असते.

देकार्तचं उदाहरण घ्या. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे वाक्य कधी तत्त्वज्ञान न वाचलेल्यालाही ठाऊक असतं, आणि बहुतेकांना ते एखाद्या चतुर सुभाषितासारखं वाटतं. 1641 मधल्या 'चिंतनां'त हे वाक्य या रूपात नाहीच. तिथे एक माणूस घरचा झगा घालून शेकोटीजवळ बसलाय, हातात कागद आहे, आणि तो स्वतःला विचारतोय की यातलं नक्की खरं काय? स्वप्नातही मी असाच बसलेलो असतो. ज्ञानेंद्रियांनी मला पूर्वी फसवलंय. एखादं सामर्थ्यवान आणि लबाड भूत मला सदोदित फसवत असेल तर? सगळं असं हातातून सुटत गेल्यावर त्याच्या ध्यानात येतं की फसवलं जाण्यासाठीसुद्धा मी असायलाच हवा. निर्वाणीला आलेल्या माणसाला लागलेला हा तळ आहे, सुभाषित नव्हे. पहिल्या चिंतनातल्या विषयांवर वाचकानं काही महिने, निदान काही आठवडे तरी घालवावेत, असं देकार्तनं आक्षेपांना उत्तर देताना लिहिलं होतं. त्याच पहिल्या चिंतनाला मार्गदर्शकात अर्धं पान मिळतं.

नवख्या वाचकाची ताकद किती असते हेही देकार्तच्याच चरित्रात दिसतं. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, राज्य गमावून हॉलंडमध्ये आश्रयाला राहिलेल्या घराण्यातली, वय चोवीस. 1643 च्या मे महिन्यात तिनं देकार्तला पत्र लिहिलं. आत्मा नुसता विचार करणारा, त्याला लांबी-रुंदी नाही, मग तो शरीराला ढकलतो कसा? ढकलायला स्पर्श लागतो, स्पर्शाला पृष्ठभाग लागतो. देकार्तनं दगडाच्या जडपणाचा दाखला देऊन उत्तर दिलं. तिनं नम्रपणे कळवलं की हे काही पटत नाही, यापेक्षा आत्म्यालाच थोडा विस्तार आहे असं मानणं मला सोपं वाटतं. त्यावर त्यानं आपण स्वतः अशा चिंतनाला वर्षातले मोजकेच तास देतो असं सांगून विषय हलका करायचा प्रयत्न केला. विद्यापीठाची पदवी नसलेल्या त्या मुलीचा प्रश्न पुढच्या पावणेचारशे वर्षांत कुणाला पूर्णपणे मिटवता आलेला नाही. देकार्तला मोठं मानणाऱ्या सारांशावरून हा प्रश्न सुचला नसता. तो सुचला, कारण तिनं ग्रंथ वाचला होता आणि जिथे पाय अडकला तिथेच ती थांबली होती.

मूळ वाचायचं म्हणजे वाटेल तो मूळ ग्रंथ वाचायचा असं मात्र नाही. सूत्रग्रंथ नवख्याला देऊ नयेत. न्यायसूत्रं असोत की ब्रह्मसूत्रं, ती लिहिलीच गेली आहेत भाष्यासह आणि गुरूजवळ बसून शिकण्यासाठी. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टानं 'तर्कसंग्रह' बालांसाठी लिहिला आणि वर स्वतःच त्यावर 'दीपिका' टीका लिहिली. त्याच्या मनातला हा 'नवखा' कोण होता, हे टीकाकारांनी सांगितलंय: व्याकरण, काव्य आणि कोश शिकून झालेला, फक्त न्याय न शिकलेला विद्यार्थी. आपल्यातल्या कुणाचीच त्या वर्गात बसायची पात्रता नाही. कांटचा 1781 चा मोठा ग्रंथ लोकांना दुर्बोध वाटला, म्हणून 1783 मध्ये त्यानं त्याचं लहान रूप काढलं, आणि आरंभीच बजावलं की हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी नाही, भावी शिक्षकांसाठी आहे. त्याच कांटनं 1784 मध्ये एका मासिकासाठी 'प्रबोधन म्हणजे काय?' हा छोटासा लेख लिहिला. दुसऱ्याच्या आधाराशिवाय स्वतःची बुद्धी वापरायला माणूस का कचरतो, याचं इतकं थेट विवेचन दुसरीकडे मिळणं कठीण. तो आम्ही एका बैठकीत वाचतो.

निवड करताना माझ्या अटी साध्या असतात. लेखन छोटं आणि पूर्ण असावं. दोन परिच्छेदांचा उतारा देऊन उपयोग नाही, कारण कुठून तोडायचं हे ठरवणाऱ्यानं आपला सारांश त्यात आधीच घातलेला असतो. त्यात कुणाशी तरी वाद चाललेला असावा. आणि वाचकाला पेन्सिल हातात घेऊन करण्यासारखं काही असेल तर फारच उत्तम. प्लेटोच्या 'मेनो'मध्ये सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला विचारतो, दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती? मुलगा म्हणतो चार. काढून बघतात तर सोळा होतात, हवे होते आठ. मग म्हणतो तीन. नऊ होतात. "मला खरंच माहीत नाही," असं कबूल केल्यावर त्याला कर्णावरचा चौरस दिसतो. आमच्या माडीवर सगळे वहीत चौरस काढतात आणि लगेच भांडण सुरू होतं, की मुलाला हे आतून आठवलं म्हणे, पण सॉक्रेटिसनंच उत्तर त्याच्या तोंडात घातलं की नाही? आरोप जुनाच आहे. पण ज्यानं तो स्वतः चौरस काढून केला, त्याच्यासाठी तो नवा असतो.

तत्त्वज्ञांनी पुष्कळदा नवख्यांची सोय स्वतःच करून ठेवली आहे, हेही विसरता कामा नये. ह्यूमचा 1739-40 मधला पहिला ग्रंथ कुणी फारसा वाचला नाही, म्हणून 1748 मध्ये त्यानं तोच विषय आटोपशीर आणि सुबक करून पुन्हा लिहिला. देकार्तनं 1637 मध्ये पद्धतीवरचा आपला ग्रंथ लॅटिन सोडून फ्रेंचमध्ये लिहिला, कारण विद्यापीठाबाहेरच्या माणसांनी तो वाचावा अशी त्याची इच्छा होती. आणि पंडितांची भाषा सोडून लोकांच्या भाषेत तत्त्वज्ञान आणण्याचं काम आपल्याकडे त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी नेवाशात झालं होतं.

भाषेवरून एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. ग्रीकवरून इंग्रजी, इंग्रजीवरून मराठी, मग हे मूळ कसलं? आक्षेप खोटा नाही. पण मूळ म्हणजे मूळ शब्द एवढंच नव्हे. युक्तिवादाला जे सांधे असतात, ते चांगल्या अनुवादात शाबूत राहतात. सारांशात नेमके तेच निखळतात. 1983 मध्ये पुण्यात मे. पुं. रेगे यांच्या पुढाकारानं एक विलक्षण भेट घडली. एका बाजूला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात मुरलेले प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला परंपरेनं शिकलेले नैयायिक, मीमांसक पंडित. पंडितांसमोर रसेलचा विधानांविषयीचा सिद्धांत संस्कृतात मांडला गेला. आयुष्यभर न्यायात मुरलेली ती माणसं रसेलच्या बाबतीत आमच्या कंडक्टरकाकांइतकीच नवखी होती. पण रसेलच्या आधी कोण झालं, तो कुठल्या संप्रदायाचा, असल्या चौकशीवाचून त्यांचं काही अडलं नाही. युक्तिवाद समोर होता, त्यांनी तो हातात घेऊन तपासायला सुरुवात केली.

आपल्या विद्यापीठांत मात्र प्रश्नपत्रिकाच अशा असतात की मूळ वाचणं तोट्यात जातं. 'देकार्तची संशयपद्धती स्पष्ट करा', 'टिपा लिहा: सत्कार्यवाद'. मुलं नोट्स पाठ करतात, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. फ्रान्समध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान हा विषय असतो आणि त्याची परीक्षा चार तासांची. तिथे विद्यार्थ्याला निबंधाऐवजी समोर ठेवलेल्या मूळ उताऱ्याचं विवेचन करायची मुभा असते. अमेरिकेत अ‍ॅनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजात 1937 पासून पाठ्यपुस्तकांऐवजी युक्लिड, प्लेटो, न्यूटन थेट वाचले जातात. तिथलं सगळंच इथे उचलून आणावं असं मी म्हणत नाही. पण अठरा वर्षांच्या मुलांना मूळ ग्रंथ झेपत नाही, हे म्हणणं तरी त्या दाखल्यांसमोर टिकत नाही.

मग खरी भीती कसली असते? चुकीचा अर्थ लावण्याची. नवखा वाचक चुकतो, अगदी हमखास चुकतो. पण मूळ वाचून झालेली चूक मूळच दुरुस्त करतं. "सॉक्रेटिस नास्तिक होता," असं एकानं ठामपणे सांगितलं, तर दुसरा पान काढून म्हणतो, "इथे बघा काय म्हणतोय." वाद पानावर येतो, आणि पान सगळ्यांसमोर सारखंच असतं, मास्तरासमोरही. सारांश वाचून झालेली चूक कुठे नेऊन तपासायची? तिथे सारांशकाराचा शब्द अखेरचा. सारांशामुळे आळस वाढतो, अशी टीका पुष्कळ जण करतात. मला त्याहून मोठी वाटते ती ही गोष्ट, की सारांश वाचकाला परावलंबी करतो. अधिकार दुसऱ्याच्या हातात जातो आणि गेल्याचं कळतही नाही.

आपल्या घरांत तर एक मूळ ग्रंथ पिढ्यान् पिढ्या असतो, लाल कापडात बांधलेला. ज्ञानेश्वरीचं पारायण माझ्याही घरी व्हायचं. पारायणाचं काम वेगळं आहे, ते मला हलकं लेखायचं नाही. पण रोजच्या ठरलेल्या ओव्या संपवण्याच्या गतीत थांबून 'हे असं का?' विचारायला जागा नसते. म्हणून मराठी वाचकांच्या बैठकीत मी काही महिन्यांनी 'अमृतानुभव' काढतो. दहा प्रकरणं, आठशेच्या आसपास ओव्या. कथा नाही, गीतेचा श्लोक समोर धरून चालणंही नाही. तिथे ज्ञानेश्वर स्वतःच्या बळावर वाद घालतात. अज्ञानाचं खंडन करताना विचारतात की अज्ञान खरंच जिथे असेल तिथे सगळं अज्ञानच करून टाकेल, मग अज्ञान आहे हे जाणायला कोण उरलं? जुनी मराठी अडते, शब्दार्थ पाहावे लागतात, पण 'युथिफ्रो'तून आलेल्या वाचकाला हा खेळ ओळखीचा वाटतो.

तिसऱ्या प्रकरणात ज्ञानेश्वर म्हणतात की ज्ञानसुद्धा बंधनच ठरतं. आधाराला ते शिवसूत्रांतून शिवाचं वचन देतात, गीतेतून कृष्णाचं वचन देतात. इतके मोठे दाखले दिल्यावर दुसरा कुणी थांबला असता. ज्ञानेश्वर पुढे सांगतात की आम्ही हे शिवानं किंवा श्रीवल्लभानं म्हटलं म्हणून मानतो असं नाही. ते बोलले नसते तरी हे हाती लागलंच असतं. या ओवीपाशी आलो तेव्हा पॉलिटेक्निकचा तो मुलगा, एव्हाना नोकरीला लागलेला, एकदम म्हणाला, "सर, हे तर युथिफ्रोचंच!" मी त्याला सावध केलं. दोघांचे प्रश्न एकच नाहीत, एकाला पावित्र्य कशावर उभं आहे हे हवंय, दुसरा अनुभवाच्या प्रामाण्याबद्दल बोलतोय. तो म्हणाला, "असेल सर. पण दोघंही म्हणतायत, देवानं सांगितलं एवढंच कारण पुरत नाही." मला त्यावर उत्तर सुचलं नाही. त्यावर पुढची सगळी बैठक गेली आणि शेवटी मी दिलेला फरकही बरोबर, त्यानं दाखवलेलं साम्यही बरोबर, एवढ्यावर तडजोड झाली. लहानपणापासून पाया पडलेल्या ग्रंथाच्या लेखकाशी त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला असं मला वाटतं. त्याचं पाया पडणं काही बंद झालेलं नाही.

इतिहासाची पुस्तकं यानंतर वाचावीत, आणि जरूर वाचावीत. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली 1974 मध्ये निघालेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश आमच्या वाचनालयात आहे. वर्षानुवर्षं त्याचे तिन्ही खंड धूळ खात पडले होते. आता रविवारी कुणी ना कुणी त्यात डोकावतं, कारण त्यांच्याकडे विचारायला काहीतरी असतं. पार्मेनिडीजचं ते वेडगळ वाक्यही मग वेगळं वाचलं जातं. वाचक आता विचारतो, हा असं म्हणतोय, तर त्याच्याकडे कारण काय असेल?

सगळ्या खटाटोपातून मला एवढंच हवं असतं. प्लेटो पटावा, देकार्त पटावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. बैठकीतल्या बऱ्याच जणांना दोघंही पटलेले नाहीत. पण कारण मागायची सवय एकदा लागली की त्या माणसाला नुसतं मत देऊन वाटेला लावता येत नाही. पुढाऱ्याला येत नाही, बुवाला येत नाही, घरच्या वडीलधाऱ्यांना येत नाही आणि तत्त्वज्ञानाच्या मास्तरालाही येत नाही. या सगळ्यांनाच त्याचा थोडा जाच होतो. तो व्हायला हवा.